पिकलबॉल: टप्पा कधी पडू द्यायचा, कधी नाही

कोल्हापुरात ज्या अपार्टमेंटच्या आवारात बॅडमिंटनचं कोर्ट आखलेलं आहे, तिथे पिकलबॉलचं, म्हणजे पॅडल नावाच्या सपाट फळीने प्लॅस्टिकचा चेंडू जाळीपलीकडे मारायच्या खेळाचं, निम्मं काम आधीच झालंय. दोन्ही कोर्टांची बाहेरची मापं एकच: 44 फूट लांब, 20 फूट रुंद. 1965 साली अमेरिकेत, वॉशिंग्टन राज्यातल्या बेनब्रिज बेटावर हा खेळ सुरू झाला तोच मुळी एका जुन्या बॅडमिंटन कोर्टावर. तुम्हाला बदलायच्या आहेत दोनच गोष्टी, जाळी आणि पुढची रेघ.

आखणी

जाळी बाजूच्या रेघांवर 36 इंच, मधोमध 34 इंच उंच हवी. बॅडमिंटनची जाळी खाली उतरवून बांधली तरी चालते. मात्र ती अडीच फूटच रुंद असल्यामुळे खाली चार ते सहा इंचांची फट राहते. त्या फटीतून गेलेला चेंडू मारणाऱ्याची चूक धरायचा, हे आधीच ठरवून घ्या.

बॅडमिंटनची पुढची रेघ जाळीपासून साडेसहा फुटांवर असते, पिकलबॉलला सात फूट लागतात. तीच जुनी रेघ चालवून घेतली तर पुढे प्रत्येक डावात त्या अर्ध्या फुटावरून वाद होतो. म्हणून दोन इंची चिकटपट्टी अशी लावा की तिची मागची कड बरोबर सात फुटांवर येईल. जाळी आणि ही रेघ यांमधल्या पट्ट्याला सगळे ‘किचन’ म्हणतात. किचनच्या मागच्या भागाचे मधल्या रेघेने दोन सर्व्हिस कोर्ट होतात, प्रत्येक 10 फूट रुंद आणि 15 फूट खोल. बॅडमिंटनच्या सिंगल्सच्या आतल्या रेघांकडे लक्ष द्यायचं नाही. इथे एकेरी आणि दुहेरी दोन्हींना पूर्ण कोर्ट.

नव्याने आखत असाल तर दोन्ही कर्ण मोजा. दोन्ही 48 फूट 4 इंच भरले तर कोर्ट काटकोनात आहे. मातीच्या मैदानावर कबड्डीसारखी फक्की मारून कोर्ट आखण्याचा मोह टाळा. हा भोकाभोकांचा प्लॅस्टिकचा चेंडू जेमतेम 22 ते 26 ग्रॅमचा, मातीवर तो उसळतच नाही आणि या खेळात तर सगळं टप्प्यावर चालतं.

सर्व्हिस

दोन्ही पाय मागच्या रेघेच्या मागे ठेवा. चेंडूला पॅडल लागेपर्यंत पाय रेघेवर येता कामा नये, आणि त्या क्षणी निदान एक पाय जमिनीला टेकलेला हवा. हात खालून वर यायला हवा, चेंडू कमरेच्या खाली लागायला हवा आणि त्या वेळी पॅडलचं डोकं मनगटाच्या वर नको. टेनिस किंवा बॅडमिंटन खेळलेल्यांचा हात इथे हमखास आडवा फिरतो. त्यांनी सुरुवातीला टप्प्याची सर्व्हिस करावी: चेंडू हातातून नुसता सोडायचा, उडवायचा किंवा खाली आपटायचा नाही, आणि टप्पा पडल्यावर मारायचा. या प्रकाराला कमरेची आणि मनगटाची अट नाही.

सर्व्हिस तिरपी, समोरच्या कर्णातल्या कोर्टात. किचनमध्ये किंवा किचनच्या रेघेवर पडली तर चूक. बाकी कुठल्याही रेघेवर पडलेली सर्व्हिस चांगली. जाळीला घासून योग्य जागी पडली तर खेळ चालू ठेवायचा, सर्व्हिस पुन्हा करायची नाही. प्रयत्न एकच.

पहिले दोन टप्पे

सर्व्हिस घेणाऱ्याने चेंडू टप्पा पडल्यावरच मारायचा. त्याने परतवलेला चेंडूही सर्व्हिस करणाऱ्या जोडीने टप्प्यावरच घ्यायचा. तिसऱ्या फटक्यानंतर हवेतला चेंडू मारायला, म्हणजे व्हॉलीला, मोकळीक. नवखी जोडी इथेच फसते: सर्व्हिस केली की पुढे धावते, परतीचा चेंडू पायाशी येतो आणि टप्पा पडायच्या आत पॅडल लागतं. सर्व्हिस केल्यावर दोघांनीही मागच्या रेघेपाशीच थांबा.

किचन

किचनमध्ये जायला बंदी आहे असा समज सर्रास आढळतो. तो चुकीचा आहे. किचनमध्ये केव्हाही जा, उभे राहा, टप्पा पडलेला चेंडू तिथून खुशाल मारा. बंदी आहे ती तिथून व्हॉली मारायला. रेघ किचनमध्येच धरतात. बुटाचं टोक रेघेला लागलं तरी चूक. व्हॉली मारल्यावर तोल जाऊन आत पाऊल पडलं, तरीही चूक, मग चेंडू समोर दोनदा पडून मेलेला का असेना. टोपी किंवा चष्मा आत पडला तरी तोच नियम. आत गेलेल्या खेळाडूने पुढची व्हॉली मारण्याआधी दोन्ही पाय बाहेर टेकवायचे. आतून उडी मारून हवेतच फटका मारणं चालत नाही.

तोल जाऊ नये म्हणून रेघेपासून वीतभर मागे उभे राहा आणि पॅडल छातीसमोर धरा. मोठा हात फिरवला की शरीर त्यामागे ओढलं जातं.

गुण

डाव 11 गुणांचा, जिंकायला 2 चा फरक हवा. गुण फक्त सर्व्हिस करणाऱ्या बाजूला मिळतो. दुहेरीत तीन आकडे पुकारतात: आपले गुण, समोरच्यांचे गुण, आणि सर्व्हिस करणारा पहिला की दुसरा. जोडीतल्या दोघांनाही एकामागून एक सर्व्हिस मिळते. अपवाद डावाच्या सुरुवातीचा, तेव्हा एकालाच मिळते आणि तो दुसरा धरला जातो. म्हणून पुकारा होतो ‘झिरो-झिरो-टू’.

समजा शाहूपुरीची जोडी राजारामपुरीशी खेळते आहे. शाहूपुरीचा उजवीकडचा खेळाडू सर्व्हिस करतो, गुण मिळतो, तो जोडीदाराशी जागा बदलतो: 1-0-2. पुढची रॅली, म्हणजे सर्व्हिसपासून चूक होईपर्यंतचा खेळ, ते हरतात, सर्व्हिस समोर जाते. राजारामपुरीचा त्या वेळी उजवीकडे असलेला खेळाडू पुकारतो 0-1-1. त्याने गुण घेतला की 1-1-1 आणि जागा बदल. त्यानंतरची रॅली हरला तर जोडीदार उभा असेल त्याच बाजूने सर्व्हिस करतो, 1-1-2. तीही गेली की सर्व्हिस शाहूपुरीकडे. सर्व्हिस घेणारी जोडी जागा बदलत नाही.

घोळ झालाच तर एक खूण लक्षात ठेवा. आपल्या जोडीत डावाची सुरुवात उजवीकडून कोणी केली? आपले गुण सम असतील तेव्हा तो उजवीकडे असायला हवा, विषम असतील तेव्हा डावीकडे. एकेरीत तिसरा आकडा नसतो. स्वतःचे गुण सम असताना उजवीकडून सर्व्हिस, विषम असताना डावीकडून.

चेंडू अंगाला लागला तर ज्याला लागला त्याची चूक, तो कोर्टाबाहेर उभा असला तरी. पॅडल धरलेल्या हाताला, मनगटाखाली लागला तर खेळ चालू. रेघेचा निर्णय ज्यांच्या बाजूला चेंडू पडला त्यांनी द्यायचा. नीट दिसलं नसेल तर चेंडू आत.

जागा, बूट, चेंडू

उघड्या सिमेंटच्या कोर्टावर आपल्याकडे जूननंतर शेवाळ धरतं. ते घासून काढून कोर्ट कोरडं झाल्याखेरीज खेळू नका. चपलांवर किंवा पळण्याच्या उंच टाचेच्या बुटांवर आडवं वळताना घोटा मुरगळतो; बॅडमिंटनचे सपाट तळाचे बूट उत्तम. डोक्यावरून गेलेल्या चेंडूमागे उलट्या पावलांनी धावणं सगळ्यात धोक्याचं. आधी वळा, मग धावा.

बाहेर खेळताना 40 बारीक भोकांचा चेंडू घ्या, तो वाऱ्यात कमी भरकटतो. 26 मोठ्या भोकांचा चेंडू हॉलसाठी. चेंडूचा आवाज अचानक बद्द आला तर त्याला चीर गेलेली असते. रॅली पूर्ण होऊ द्या आणि मगच चेंडू बदला.