रेल्वे मॉडेलचा लेआउट प्रदर्शनात मांडताना या चुका टाळा

घरी महिनोन्महिने विनातक्रार चाललेला लेआउट, म्हणजे सुट्या बोर्डांवर उभारलेली छोटी रेल्वे आणि तिचा परिसर, शनिवारी सकाळी प्रदर्शनाच्या सभागृहात नेमका का अडतो, याचे कारण बहुतेक वेळा सभागृहात सापडत नाही. ते त्याच लेआउटच्या बोर्डांखाली काही आठवडे आधीपासून दडून बसलेले असते. पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेले लघुरेल्वे संग्रहालय १९९८ साली सुरू झाले आणि आमच्यापैकी अनेकांना या छंदाची लागण तिथेच झाली. मात्र तिथला लेआउट एका जागी कायमचा उभा आहे. आपला लेआउट जिन्यावरून उतरतो, टेम्पोत चढतो, रस्त्यावरचे खड्डे खातो आणि दोन दिवसांनी तोच प्रवास उलटा करतो. पुढे सांगितलेल्या चुका आमच्या पाच-सहा जणांच्या गटाने स्वतः केलेल्या आहेत. आमचा लेआउट एचओ प्रमाणाचा, म्हणजे १:८७ चा, बोरघाटावर बेतलेला असून त्याचे १२० बाय ६० सेंटिमीटरचे आठ बोर्ड आहेत. त्यांपैकी चार समोर दिसतात आणि चार पडद्यामागे यार्ड, म्हणजे गाड्या उभ्या करण्याची जागा, म्हणून राहतात.

सुटा करून न पाहणे

सर्वांत मोठी चूक म्हणजे प्रदर्शनापूर्वी लेआउट एकदाही पूर्ण सुटा करून पुन्हा न जोडणे. रंगीत तालमीसाठी सोसायटीच्या पार्किंगसारखी दुसरी चांगली जागा नाही, कारण पाणी वाहून जावे म्हणून तिथली जमीन मुद्दाम उतरती केलेली असते आणि धूळही हवी तेवढी मिळते. पहिल्या तालमीत आम्हाला जोडणीला साडेतीन तास लागले, कारण कोणता बोल्ट कुठला हे एकालाच ठाऊक होते आणि तो नेमका पाना आणायला घरी गेला होता. त्यानंतर आम्ही प्रत्येक जोडाला अक्षर दिले आणि प्रत्येक पायावर त्याच्या बोर्डाचा आकडा रंगवला. मोजमाप घेताना बोर्डाबरोबर लिफ्टचे दार, जिन्याचे वळण आणि टेम्पोचा हौदा हेही मोजावेत. डोंगर चिकटवल्यावर बोर्डाची उंची वाढते, ही साधी गोष्ट आमच्या ध्यानात दुसऱ्या मजल्याच्या वळणावर आली.

बोर्डांच्या जोडावरील रूळ

गाड्या सर्वाधिक घसरतात त्या दोन बोर्डांच्या जोडावर. एचओ प्रमाणात दोन रुळांमधील अंतर १६.५ मिलिमीटर असते आणि चाकाची कड जेमतेम एक मिलिमीटर उंच असते. त्यामुळे जोडावर अर्ध्या मिलिमीटरची पायरी तयार झाली तरी हलका डबा उडी मारतो. घरच्या लेआउटवर रुळांची टोके सरकत्या जॉइनरने जोडलेली चालतात, परंतु वारंवार सोडण्या-जोडण्यात जॉइनर ढिले होतात आणि टोके वाकतात. त्याऐवजी टोकाखाली बोर्डात पितळी स्क्रू पिळून त्याच्या माथ्यावर रूळ झाळावा, म्हणजे सोल्डर करावा. तांब्याचा थर असलेली पीसीबीची, म्हणजे इलेक्ट्रॉनिक सर्किटच्या पाटीची, पट्टी चिकटवून तिच्यावर झाळले तरी चालते. मात्र तसे केल्यास पट्टीवरचे तांबे दोन रुळांच्या मधोमध करवतीने तोडायला विसरू नये, नाहीतर वीज देताक्षणी शॉर्ट ठरलेला. दोन्ही बोर्ड आधी आवळून घ्यावेत, जोडावरून रूळ अखंड टाकून तो पक्का झाळावा, आणि मगच बारीक करवतीने जोडावर कापावा. आधी कापून मग जुळवत बसणाऱ्यांचे मी पुष्कळ रविवार वाया गेलेले पाहिले आहेत, त्यांतले काही माझेच.

बोर्ड नेमक्या जागी आणण्याचे काम बोल्टचे नव्हे. बोल्टच्या भोकात थोडी ढिलाई असतेच. नेमकेपणा येतो तो धातूच्या खुंटी-वाटीच्या जोडीमुळे, आणि बोल्टने फक्त आवळायचे असते. वाहतुकीत उघड्या टोकांवर प्लायची झाकणे बोल्टने बसवावीत, नाहीतर पहिलाच धक्का दाराच्या चौकटीला आणि पर्यायाने रुळाला बसतो. बोर्डासाठी एमडीएफ, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेली फळी, वापरण्याचा मोहही टाळावा, कारण मुंबई-कोकणच्या दमट हवेत त्याच्या कडा फुगतात आणि मग खुंटी वाटीत जात नाही. चांगला प्लाय घेऊन त्याच्या कापलेल्या कडाही रंगवून बंद कराव्यात.

घाटाचा चढ आणि सभागृहाची फरशी

बोरघाटात खरा चढ ३७ मध्ये १ इतका आहे आणि मुंबईकडून येणाऱ्या जड गाड्यांना तो चढण्यासाठी कर्जतला मागून ढकलणारी बँकर इंजिने लागतात. हौसेपोटी आम्हीही हुबेहूब ३७ मध्ये १ चा चढ ठेवला. समोरच्या दोन बोर्डांवर, म्हणजे २.४ मीटरमध्ये, रूळ सुमारे ६५ मिलिमीटर वर जातो. घरी आठ डब्यांची गाडी कुरकुरत का होईना वर पोहोचत असे. सभागृहात मात्र फरशी चढाच्या खालच्या टोकाकडे आमच्या बोर्डाच्या लांबीत पाच मिलिमीटर उतरती निघाली. हा फरक डोळ्याला दिसतही नाही, पण १.२ मीटरवर पाच मिलिमीटर म्हणजे २४० मध्ये १ चा जादा चढ होतो, आणि दोन्हींची बेरीज थेट ३२ मध्ये १ वर जाते. इंजिनाची चाके जागच्या जागी फिरू लागली आणि शनिवारचा पहिला तास आम्ही पायांखाली पुठ्ठ्याचे तुकडे सरकवण्यात घालवला.

प्रत्येक पायाच्या तळाशी वरखाली होणारा बोल्ट बसवावा, पहिला बोर्ड सभागृहातील सर्वांत उंच फरशीवर लावावा आणि पाणसळ धरल्याशिवाय पुढचा बोर्ड जोडू नये. चढ निवडण्याचे अजून तुमच्या हातात असेल, तर ५० मध्ये १ पेक्षा कडक चढ ठेवू नये. खरेपणाच्या नावाखाली अडलेली गाडी पाहणाऱ्याला खरी वाटत नाही. बँकर लावायची हौस असल्यास दोन्ही इंजिनांचा वेग आधी डीसीसीवर, म्हणजे रुळांतून प्रत्येक इंजिनाला वेगळी आज्ञा देणाऱ्या डिजिटल यंत्रणेवर, जुळवून घ्यावा, कारण मागचे इंजिन वेगवान निघाले तर वळणावर मधले हलके डबे बाहेर फेकले जातात.

बारीक वायरी

दूरच्या टोकाला इंजिन मंदावते तेव्हा दोष बहुधा इंजिनाचा नसतो. कंट्रोलरपासून सहा मीटर दूर जाऊन परतणारी तांब्याची वायर ०.२ चौरस मिलिमीटरची असेल, तर दोन अँपिअर प्रवाहाला वाटेतच सुमारे दोन व्होल्ट खर्ची पडतात. तीच वायर अडीच चौरस मिलिमीटरची असेल तर हा तोटा ०.२ व्होल्टहूनही कमी राहतो. आवाज काढणारी दोन इंजिने, बँकर आणि दिव्यांचे डबे मिळून दोन अँपिअर सहज होतात. दुकानात ‘अडीचची वायर’ मागावी, ती बोर्डांखालून मुख्य वाहिनी म्हणून न्यावी आणि प्रत्येक रुळाच्या तुकड्याला तिच्यातून छोटी जोडणी द्यावी. दोन बोर्डांमधील प्लग असे निवडावेत की ते उलटे बसूच शकणार नाहीत. २३० व्होल्टची वायर मात्र कधीही बोर्डांखाली फिरवू नये. ती ट्रान्सफॉर्मरपाशीच थांबावी आणि तो एक्स्टेंशन बोर्ड चहाच्या पेल्यांपासून दूर असावा.

वाळू, रांगोळी आणि चुंबक

आपल्याकडे खडी आणि माती घरच्याच वस्तूंची करण्याची चांगली रीत आहे: चाळलेला विटांचा चुरा, वाळवलेला चहाचा चोथा, कधी रांगोळीही. यांत काही वावगे नाही, पण हे सारे पातळ केलेल्या फेव्हिकॉलने नीट बसलेले असावे आणि प्रदर्शनाच्या आधी ब्रश व व्हॅक्यूमने सैल कण काढून टाकलेले असावेत. आमच्यातील एकाने रत्नागिरीजवळच्या किनाऱ्यावरची काळी वाळू कोळशाच्या यार्डासाठी हौसेने आणली. रंग अप्रतिम दिसला. रविवारी दुपारी मालगाडीचे इंजिन खरखरू लागले. उघडून पाहिले तर मोटरच्या चुंबकाभोवती काळे कण मिशीसारखे चिकटलेले होते. त्या वाळूत लोहयुक्त खनिजे असतात. तेव्हापासून लेआउटवर जाणाऱ्या प्रत्येक वाळूवरून आम्ही आधी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला चुंबक फिरवतो.

रूळ सँडपेपरने घासणे ही आणखी एक जुनी खोड आहे. सँडपेपरचे ओरखडे राहतात आणि त्यांत पुढच्या तासाभराची काजळी अधिक घट्ट बसते. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित भिजवलेले सुती कापड पुरते. हे अल्कोहोल ज्वलनशील असल्याने सभागृहात लहान बाटलीच न्यावी. रुळांइतकेच चाकांनाही पुसावे, हे बहुतेकजण विसरतात.

गाड्या चालवताना

हौशी चालक गाडी फार जोरात पळवतो. खऱ्या ताशी ३० किलोमीटरचा वेग १:८७ मध्ये सेकंदाला जेमतेम दहा सेंटिमीटर होतो. या वेगाने आमचे समोरचे चार बोर्ड पार करायला सुमारे ५० सेकंद लागतात आणि घाटातली गाडी तशीच शोभते. त्याच वेळी समोर काहीच हलत नाही अशी वेळही येऊ देऊ नये, कारण मुलाचा हात धरून उभे असलेले आजोबा रिकामा रूळ फार वेळ पाहत नाहीत. यार्डात शंटिंगची गुंतागुंत करण्यापेक्षा पुढची गाडी पडद्यामागे तयार ठेवावी. चालकांनी प्रेक्षकांकडे पाठ करून आपसात डीकोडरवर, म्हणजे इंजिनातल्या डीसीसीच्या चिपवर, चर्चा करू नये, आणि जेवणाच्या पाळ्या शुक्रवारीच ठरवाव्यात.

गाडी अडली किंवा घसरली, तर हात घालण्यापूर्वी निदान करावे. एकाच ठिकाणी सगळे डबे घसरत असतील तर दोष रुळाचा असतो, आणि एकच डबा सगळीकडे घसरत असेल तर त्याच्या चाकांचा. असा डबा चिठ्ठी लावून तत्काळ सिक लाइनीत, म्हणजे टेबलाखालच्या खोक्यात, ठेवावा. संपूर्ण लेआउट बंद पडला, तर शॉर्ट शोधण्यासाठी मधला प्लग काढून अर्धा भाग वेगळा करावा, कोणता अर्धा चालतो ते पाहावे आणि उरलेल्याचे पुन्हा दोन भाग करावेत. आठ बोर्डांत तीन वेळा प्लग काढला की दोषी बोर्ड हाती येतो. प्रेक्षकांसमोर सोल्डरिंग आयर्न तापवून ‘एकदा पाहूच’ म्हणणे टाळावे.

रविवारी संध्याकाळी

सर्वाधिक मोडतोड प्रदर्शन संपल्यानंतरच्या अर्ध्या तासात होते. टेम्पोवाला दाराशी हॉर्न वाजवत असतो, सगळे थकलेले असतात आणि कोणीतरी इंजिन रुळावर तसेच ठेवून बोर्ड उचलतो. आधी सर्व गाड्या फोमच्या खणांत ठेवून मोजाव्यात, मग प्लग, मग बोल्ट, आणि सर्वांत शेवटी पाय काढावेत. दोन दिवसांत जिथे जिथे गाडी अडली, तिथे बोर्डाच्या कडेला मास्किंग टेपचा तुकडा चिकटवून त्यावर पेनने कारण लिहून टाकावे; घरी पोहोचेपर्यंत ते आठवत नाही. टेम्पो सुटण्यापूर्वी टेबलांवरून खाली सोडलेले काळे कापड उचलून एकदा आत डोकवावे. आमचा गार्डचा डबा दोन वेळा तिथेच सापडला आहे.