पोर्टफोलिओला हात घालण्याआधी

मराठवाड्यातल्या कॉलेजातून आर्किटेक्चरचं बी.आर्क. संपवून पोर्टफोलिओ, म्हणजे निवडक कामाची पुस्तिका, करायला बसला असशील तर सगळ्यात आधी हार्ड डिस्क उघड. दहा सेमिस्टरचं काम एका जागी आण: कॅडच्या फाइली, स्केचअपची मॉडेलं, ज्युरीच्या (परीक्षकांसमोर काम मांडायच्या) आदल्या रात्री घाईत काढलेल्या पीडीएफ आणि ड्रॉइंग छापणाऱ्या प्लॉटिंगवाल्याच्या कॉम्प्युटरवर राहून गेलेल्या शिटा. त्याच्याकडे जाऊन खरंच विचार. लातूर असो की नांदेड, कॉलेजजवळच्या प्लॉटिंगवाल्याकडे अख्ख्या बॅचचं काम पडलेलं असतं. हाताने काढलेल्या शिटा मोठ्या स्कॅनरवर घाल. तो मिळाला नाही तर सकाळच्या सावलीत शीट भिंतीला ताठ लाव, कॅमेरा बरोबर मध्यासमोर धर आणि फ्लॅश बंद ठेव. मॉडेलांचे फोटो मात्र याच आठवड्यात काढून घे. आपल्याकडच्या उन्हाळ्यात माउंटबोर्ड वाकायला वेळ लागत नाही, आणि कॉलेजची स्टोअररूम कोणत्या सुट्टीत रिकामी होईल याचा नेम नसतो. जमलेल्या सगळ्याच्या दोन प्रती, दोन वेगळ्या ठिकाणी.

मग निवड. चार प्रकल्प पुरतात, पाचवा जोरदार असेल तरच. पहिल्या वर्षाचं बेसिक डिझाइन घालू नकोस, कितीही जीव जडलेला असला तरी. लॅपटॉप मिटून प्रत्येक प्रकल्पाबद्दल स्वतःला विचार: यात मी काय ठरवलं, आणि का? चार वाक्यांत उत्तर आलं नाही तर रेंडर (इमारतीचं कॉम्प्युटरवरचं चित्र) कितीही देखणा असो, तो प्रकल्प बाजूला. मुलाखत घेणाऱ्याला रेंडर रोजच दिसतात. त्यांना बघायचं असतं की जिना उत्तरेला का गेला, वर्गखोल्यांमध्ये अंगण का आलं, आणि ज्युरीने धुतल्यावर तू नकाशात नेमकं काय बदललंस. जुना आणि नवा प्लॅन शेजारी शेजारी छापलास तर तेवढ्या एका पानावर पंधरा मिनिटं बोलणं होतं.

मेझर्ड ड्रॉइंग, म्हणजे जुनी वास्तू मोजून काढलेले नकाशे, कुणी शेवटी ढकलतं, कुणी टाकूनच देतं. माझ्या मते आपल्या भागातल्या पोरांकडे सगळ्यात दमदार माल तोच असतो. औशाकडचा एखादा वाडा, परभणी जिल्ह्यातल्या चारठाण्याची किंवा वालूरची बारव (पायऱ्यांची विहीर), गावातली पडकी गढी, यातलं काही मापलेलं असेल तर त्याला चार पानं दे. नुसता प्लॅन नको, सेक्शन, म्हणजे उभा छेद, हवाच. बारवेत तर सेक्शनशिवाय काहीच कळत नाही, पायऱ्या कुठे वळतात आणि पाणी कुठपर्यंत चढतं ते तिथेच दिसतं. टेपने घेतलेल्या मापांचा मळका कच्चा कागदही स्कॅन करून लाव. त्यावर कर्णांची मापं दिसली की जाणकाराला कळतं, चौकोन काटकोनात आहे असं पोराने गृहीत धरलं नाही. ढाळज, ओसरी, बळद, खण हे घराच्या भागांचे गावचे शब्द तसेच लिही, उगाच ‘एंट्रन्स लॉबी’ करू नकोस. घर किती खणांचं हे गावातला माणूस सांगतो तेव्हा तो दोन खांबांमधलं अंतर मोजत असतो, म्हणजे तुझी ग्रिडच सांगत असतो. आणि मोजायला गेलेल्या गटातल्या सगळ्यांची नावं त्याच पानावर, कोणी काय काढलं त्यासकट. नासाच्या (आर्किटेक्चर विद्यार्थ्यांच्या राष्ट्रीय संघटनेच्या) लुई कान ट्रॉफीसाठी केलेलं डॉक्युमेंटेशन असेल तर हे आणखी काटेकोरपणे, कारण त्यात अर्धं कॉलेज राबलेलं असतं.

माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं, घर दाखवलंस की एक प्रश्न येणारच, त्याची तयारी करून जा. हे एवढं थंड आणि सुंदर, तर मग किल्लारीच्या भूकंपात काय झालं? 30 सप्टेंबर 1993, विसर्जनानंतरची पहाट. घरं पडली ती मातीची होती एवढं उत्तर पुरत नाही. भिंतीचे दगड दोन अंगांनी रचलेले, मधे चुरा आणि माती, दोन्ही अंगांना बांधून ठेवणारे आरपार दगड नाहीत. वर तुळया, त्यावर लाकडी पट्ट्या आणि फूटभर, कुठे दोन फूट पांढरी माती. पावसाळ्याआधी गळती थांबवायला दर काही वर्षांनी नवा थर पडायचा, म्हणजे डोक्यावरचं ओझं वाढतच जायचं. हादऱ्यात भिंतीच्या दोन बाजू सुटल्या आणि छत खाली आलं. तेव्हाच्या भूकंप-नकाशात हा भाग सगळ्यात कमी धोक्याच्या, पहिल्या झोनमध्ये होता. 2002 च्या सुधारित मानकात पहिला झोनच गेला आणि किल्लारीचा पट्टा तिसऱ्यात आला. तुझ्या थिसिसमध्ये (शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पात) दगडमाती असेल तर आयएस 13828, म्हणजे अशा बांधकामाचं भूकंपासाठीचं मानक, वाचून जा आणि जोत्याच्या, दार-खिडक्यांवरच्या लिंटलच्या व छताच्या पातळीवरचे पट्टे सेक्शनमध्ये दिसू देत. नाहीतर तो थिसिस नुसतं गावाचं कौतुक ठरतो.

वेळ असेल तर भूकंपानंतर पुनर्वसित झालेल्या गावांपैकी एखाद्यात दोन दिवस काढ. 52 गावं नव्या जागी वसवली गेली, सरळ रस्ते आणि एकसारखे प्लॉट देऊन. लोकांनी नंतर स्वतः काय काय जोडलं ते मोजून काढ: पुढे ओसरी, बाजूला गोठा, ओट्याची भिंत. हाउसिंगबद्दल कोणत्याही क्लासरूममध्ये एवढं कळत नाही, आणि असं पान पुण्या-मुंबईच्या पोराच्या पोर्टफोलिओत नसतं.

पाणी आणि जमीन यांना एक पान हवंच. 2016 मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं. त्या शहरातल्या प्रकल्पात तू प्रवेशद्वारासमोर कारंजं दाखवणार असशील तर देव तुझं भलं करो. त्याऐवजी साधा हिशेब लिही: 100 चौरस मीटर छत, वर्षाला 700 मिलिमीटर पाऊस, त्यातला ऐंशी टक्के हाती लागला तर 56,000 लिटर. पाच माणसांच्या घराला दरडोई 135 लिटरने साधारण 83 दिवस. मग ती टाकी प्लॅनमध्ये कुठे बसली ते दाखव. जमिनीखालचंही काढ. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तरी विद्यार्थ्यांच्या सेक्शनमध्ये जोत्याच्या खाली नुसतं हॅचिंग (तिरप्या रेघा) असतं. मुरमाची भरणी, पाया कुठल्या थरापर्यंत नेला, अंडर-रीम्ड पाइल (तळाशी फुगीर असलेले पायाचे खांब) का घेतले, एवढं जरी काढलंस तरी समोरचा खुर्चीत सावरून बसतो.

आता आर्किटेक्टच्या ऑफिसात ट्रेनिंगला असताना केलेलं काम. इथे प्रामाणिकपणा आणि कागदपत्रं दोन्ही लागतात. ऑफिसचं ड्रॉइंग दाखवायचं तर आधी लेखी परवानगी, ईमेलवर दोन ओळी पुरतात. पेनड्राइव्हवर गुपचूप उचललेलं दाखवू नकोस, हे क्षेत्र लहान आहे आणि समोरचा तुझ्या जुन्या सरांना ओळखत असतो. मालकाचं नाव आणि गट नंबर झाक. प्रत्येक पानाखाली ऑफिसचं नाव आणि तुझा वाटा सरळ लिही: ‘टॉयलेटचे तपशील, दार-खिडक्यांचं शेड्यूल, जिन्याचा सेक्शन’. ‘पूर्ण इमारतीचं डिझाइन’ असं पाचव्या वर्षाच्या पोराने लिहिलं की कुणीही हसतं. परवानगीची ड्रॉइंग केली असशील तर यूडीसीपीआरमधून (राज्याच्या बांधकाम नियमावलीतून) साइड मार्जिन आणि एफएसआय (प्लॉटच्या प्रमाणात किती बांधकाम करता येतं तो आकडा) कसा काढला ते तोंडपाठ हवं. सातबारा, मोजणीचा नकाशा, एनए, गुंठेवारी हे शब्द तुला माहीत आहेत, हे सांगायला लाजू नकोस. संभाजीनगरमध्ये काम करायचं तर गुंठेवारीशिवाय गती नाही.

साइटचे फोटो घालशील तर तारीख आणि टप्पा टाक: लाइनआउट (आखणी), फुटिंग (पाया), सेंट्रिंग (स्लॅबचा साचा). हेल्मेट घालून अंगठा दाखवणारा फोटो नको. मिस्त्रीने विचारलेला एखादा प्रश्न आणि त्यावर ड्रॉइंगमध्ये केलेली दुरुस्ती दाखव. आणि काकाचं घर! आपल्याकडे आर्किटेक्चरला गेलेल्या प्रत्येक पोराकडून कुठला तरी काका प्लॅन काढून घेतोच, तोही फुकट. ते घर उभं राहिलं असेल तर जरूर घाल, अगदी छोटं असलं तरी. ईशान्येला देवघर पाहिजे म्हणून काका अडून बसले, बजेट मधेच संपलं, वरचा मजला राहून गेला, हे सगळं लिही. बांधलेल्या वस्तूला एक वजन असतं. फक्त त्यावर ‘आर्किटेक्ट’ म्हणून स्वतःचं नाव घालू नकोस. 1972 च्या आर्किटेक्ट्स अॅक्टनुसार कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरची नोंदणी झाल्याशिवाय ती उपाधी लावता येत नाही. ‘सीए’ने सुरू होणारा नंबर हातात येईपर्यंत बायोडेटावर ‘बी.आर्क. पदवीधर’ एवढंच. अनुभवाचा दाखला लेटरहेडवर घे, रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख, सरांचा नोंदणी क्रमांक आणि सही-शिक्का यांसह. तीन वर्षांनी मागायला गेलास तर ऑफिसच हललेलं असतं.

पानं मांडताना ए थ्री आडवा, वीस-पंचवीस पानं, फाइल दहा एमबीच्या आत. ड्रॉइंग लहान केलं की ‘1:100’ खोटं ठरतं, म्हणून स्केलची पट्टी काढ. उत्तर दिशा प्रत्येक प्लॅनवर. दोन फॉन्ट पुरेत. मराठी शब्द टाकणार असशील तर इनडिझाइनमध्ये (पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये) वर्ल्ड-रेडी कंपोझर चालू कर, नाहीतर जोडाक्षरं फुटतात आणि वेलांट्या भलतीकडे जातात. रेंडरमधली माणसं तपास. बीडच्या बसस्टँडवर ओव्हरकोट घातलेला गोरा माणूस कुत्रं फिरवताना मी बघितलेला आहे.

एम.आर्क.ला जायचं असेल तर पोर्टफोलिओ वेगळा बांध. गेट परीक्षेच्या आर्किटेक्चर-प्लॅनिंग पेपरचा स्कोअर दार उघडतो, पण जिथे कामही बघतात तिथे तुला कोणता प्रश्न छळतो ते दिसायला हवं. वर्किंग ड्रॉइंग कमी, थिसिस आणि मेझर्ड ड्रॉइंग जास्त.

मुलाखतीला छापील प्रत, ट्रेसिंग पेपर आणि पेन्सिल ने. ‘जरा सेक्शन काढून दाखव’ म्हणतातच. देवगिरी एक्स्प्रेसने रात्रभर जाणार असशील तर शिटांचं नळकांडं वरच्या बर्थवर स्वतःजवळ ठेव. इंग्रजी अडलं तर पुण्यात सरळ मराठीत बोल. पगार, शनिवारची सुट्टी, साइटवर जायचा खर्च कोण देणार, हे विचारूनच उठ, आणि ठरलेला आकडा रुजू होण्याआधी ईमेलवर मागून घे.