रिसॉर्टात बगी चालवायला लागणार असाल तर

गोव्यात हॉटेल लाइनला नवीन लागलेली पोरं, पेडण्याची, सत्तरीची, तिकडची दोडामार्ग-सावंतवाडीची, बेलबॉय नाहीतर हाऊसकीपिंगला लागतात आणि लगेच हातात बगीची, म्हणजे रिसॉर्टात पाहुणे आणि सामान नेणाऱ्या छोट्या उघड्या गाडीची, चावी येते. सीनियर म्हणतो यात शिकायचं काय, एक पेडल चालवायला एक थांबवायला. असं नाही हो. बगीला दरवाजे नाहीत, बऱ्याचदा सीटबेल्ट नाही, कित्येक मॉडेलना ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतो, आणि जूनमध्ये चिऱ्यांच्या वाटेवर शेवाळ धरलं की उतारावर ती सरळ घसरते. वेग वीसच्या आसपास असला तरी झटक्यात वळवली तर कडेला बसलेला माणूस बाहेर पडतो, आणि पडताना डोकं आपटतं ही खरी भीती. बगीतून खाली उतरताना पार्किंग ब्रेक लावून चावी काढायचीच, दोन मिनिटांचं काम असलं तरी.

आमच्याकडे एक पोरगा लिननच्या (चादरी-टॉवेलच्या) गाठोड्यांवर बसून चालला होता, पाय बाहेर लोंबकळत. वळणावर बगी गडग्याला (दगडी कुंपणाला) घासून गेली आणि त्याचा घोटा मधे सापडला. बूट कापून काढावा लागला, १०८ येईपर्यंत तो पोरगा नुसता थरथरत होता. आणि सुपरवायझरने रजिस्टरला काय लिहिलं, तर बाथरूममध्ये घसरला! मला अजून त्याचा राग येतो, कारण अपघात कामावर कसा झाला हे कागदावर नीट नसेल तर ईएसआयचे, म्हणजे कामगारांच्या सरकारी विम्याचे, पैसे तिथेच अडकतात. आम्ही दोघातिघांनी सह्या करून खरं काय ते लिहून दिलं तेव्हा कुठे नोंद बदलली.

पगार महिना २१,००० पर्यंत असेल तर तुम्ही ईएसआयमध्ये येता, कामावरच्या इजेला पहिल्या दिवसापासून संरक्षण आहे, डॉक्टरने कामाला जाऊ नको म्हटलं तर त्या दिवसांचे साधारण ९० टक्के पगाराएवढे पैसे मिळतात. म्हणून लागलं, अगदी नख उचकटलं तरी, त्याच दिवशी रजिस्टरला नोंद करायला लावा, साक्षीदाराचं नाव घाला आणि त्या पानाचा फोटो काढून ठेवा. काँट्रॅक्टवर असाल तर पहिल्याच पगाराच्या स्लिपवर ईएसआयची कपात दिसते का बघा, नसेल तर एचआरला तेव्हाच विचारा.