हरिकेननंतर किनारा कसा मोजायचा आणि त्यातला हवामानबदलाचा वाटा कसा काढायचा

हरिकेनचं, म्हणजे अटलांटिककडच्या मोठ्या चक्रीवादळाचं, पाणी ओसरलं की पहिली धाव पाण्याच्या खुणांकडे घ्यायची. मोडलेली घरं आठवडेच्या आठवडे तशीच पडून असतात. भिंतीवरची चिखलाची रेघ मात्र एका पावसात किंवा साफसफाईच्या पहिल्याच सकाळी जाते. पुढचा सगळा हिशेब त्या रेघेवर उभा राहतो, हवामानबदलाचा वाटासुद्धा.

खूण बाहेर नाही, आत शोधा. बाहेरच्या भिंतीवर लाटा आपटलेल्या असतात, त्यामुळे तिथली रेघ लाटेच्या माथ्याची असते. बंद खोलीत, भिंतीतल्या कपाटात, जिन्याखाली पाणी फटींतून संथ चढतं. तिथे गवताचं बी, भुसा आणि गाळ यांची बारीक, सपाट रेघ मिळते. स्थिर पाण्याची पातळी म्हणून तीच धरायची. बाहेरची रेघ वेगळी नोंदवा, कारण आतबाहेरच्या फरकावरून लाटांचा अंदाज येतो. झुडपात अडकलेला कचरा सगळ्यात फसवा: पाण्याच्या जोराने वाकलेली फांदी नंतर सरळ होते आणि कचरा होता त्याहून वर जाऊन बसतो.

प्रत्येक खुणेवर न पुसणाऱ्या पेनाने आडवी रेषा मारा, तारीख लिहा, जमिनीपासून टेप लावून फोटो काढा आणि खूण किती भरवशाची आहे तेही लगेच नोंदवा. आतली स्वच्छ रेघ एक-दोन सेंटिमीटरपर्यंत धरता येते. कचऱ्याची ओळ दहा सेंटिमीटरने सहज चुकते. एका खुणेवर विसंबू नका. जवळजवळच्या तीन खुणा जुळल्या तरच पातळी पक्की माना.

आता उंची कशापासून मोजली, हा प्रश्न. बहुतेक अहवाल इथेच घसरतात. २९ ऑक्टोबर २०१२ च्या रात्री सँडी या हरिकेनचं पाणी न्यूयॉर्कमध्ये मॅनहॅटनच्या दक्षिण टोकाला, बॅटरी या ठिकाणच्या भरतीमापकावर चढलं, त्या एकाच शिखराचे तीन आकडे सापडतात. रोजच्या दोन ओहोट्यांपैकी खालच्या ओहोटीच्या सरासरीपासून सुमारे १४.१ फूट. अमेरिकेच्या जमीन-सर्वेक्षणाच्या १९८८ च्या उंची-संदर्भापासून सुमारे ११.३ फूट. त्या वेळी अपेक्षित असलेल्या भरतीपेक्षा सुमारे ९.४ फूट जास्त. तिन्ही बरोबर आहेत. घराच्या जोत्याची उंची दुसऱ्या संदर्भाने घेतली आणि पाण्याची पहिल्याने, तर कागदावर पावणेतीन फूट जादा पाणी तयार होतं. म्हणून प्रत्येक आकड्याशेजारी संदर्भ लिहा आणि हिशेबापूर्वी सगळे एकाच संदर्भात आणा.

पातळी मिळाली की तिचे तुकडे पाडा: भरती, वादळाने आणलेला फुगवटा आणि लाटा. भरतीमापकाच्या नोंदीतून भाकीत केलेली भरती वजा केली की फुगवटा उरतो. सँडीत न्यूयॉर्कजवळच्याच किंग्ज पॉइंटला हा फुगवटा साडेबारा फुटांच्या वर गेला, म्हणजे बॅटरीपेक्षा तीन फुटांनी जास्त. पण तो ओहोटीच्या सुमारास आला, त्यामुळे दोन्हीकडची एकूण पातळी जवळपास सारखीच राहिली. नुसता फुगवटा पाहून नुकसान ठरवू नका.

फुगवट्यात हवेच्या कमी दाबाचा भाग लहान असतो. दाब एक हेक्टोपास्कल उतरला की पाणी साधारण एक सेंटिमीटर वर येतं. सँडी किनाऱ्यावर आलं तेव्हा केंद्रातला दाब ९४५ हेक्टोपास्कलच्या आसपास, नेहमीपेक्षा सत्तरेकने कमी होता, म्हणजे या खात्यावर केंद्राजवळही सत्तरेक सेंटिमीटरच. बाकीचं वाऱ्याने रेटलेलं पाणी. ते किती साचेल हे वादळाचा घेर, उथळ समुद्रतळ आणि किनाऱ्याचा आकार यांवर ठरतं. हरिकेनला १ ते ५ असा क्रमांक देणारी सॅफिर-सिंप्सन श्रेणी फक्त वाऱ्याचा वेग सांगते. २००८ चं आइक हे हरिकेन टेक्सासला धडकलं तेव्हा श्रेणी २ चं होतं, तरी बोलिव्हर द्वीपकल्पावर १५ ते २० फूट पाणी चढलं. त्याचा घेरच प्रचंड होता.

पुळणीची झीज मोजायला महागडं यंत्र लागत नाही. दीड-दीड मीटरच्या दोन सरळ काठ्या, माथ्यापासून खाली सेंटिमीटरच्या खुणा केलेल्या, आणि काठ्यांमधलं अंतर सारखं ठेवायला दोन मीटर दोर. ओहोटीला, वाळूच्या टेकडीमागच्या ठाऊक उंचीच्या पक्क्या खुणेपासून सुरू करा. उतार समुद्राकडे असेल तर मागच्या माणसाने पुढच्या काठीचा माथा आणि क्षितिज एका रेषेत धरायचं. ती रेषा त्याच्या स्वतःच्या काठीला माथ्यापासून जितकी खाली छेदते, तितकी उतरण. चढ असेल तर आपल्या काठीचा माथा क्षितिजाशी जुळवून पुढच्या काठीवर वाचायचं. ओल्या वाळूत काठी रुतते, म्हणून बुडाला चपटी चकती लावा. काठी तिरकी झाली किंवा धुरकट हवेत क्षितिज नीट दिसलं नाही, तर छोट्या चुका साचत जातात. वादळाआधी असाच मोजलेला उताराचा छेद त्याच रेषेवर असेल तरच तुलना करा. आणि सहा महिन्यांनी पुन्हा मोजा: खोल पाण्यात गेलेली बरीच वाळू शांत लाटा परत आणतात, तुटलेली टेकडी मात्र इतक्या लवकर भरून येत नाही.

आता हवामानबदल. जगाची सरासरी समुद्रपातळी १९०१ ते २०१८ या काळात सुमारे २० सेंटिमीटर वाढली. हा आकडा तसाच उचलून स्थानिक पाण्यातून वजा करू नका. लुइझियानातल्या ग्रँड आयलला पातळी वर्षाला ९ मिलिमीटरच्या आसपास वाढताना दिसते, फ्लोरिडातल्या पेन्साकोलाला तीनेक मिलिमीटर. समुद्र एकच, ग्रँड आयलची जमीन खचते आहे. जमिनीचा वाटा आधी बाजूला काढा. उरलेल्यातलाही माणसाने केलेल्या तापमानवाढीचा भागच या खात्यात धरायचा.

मग तो भाग पाण्याच्या पातळीतून वजा करून प्रत्येक जोतं पुन्हा तपासा. दहा सेंटिमीटर वजा केल्याने दीड मीटर बुडालेल्या घराचं नुकसान फारसं बदलत नाही. पण ज्या घरात पाणी जोत्यावर जेमतेम पाच सेंटिमीटर चढलं होतं, ते कोरडं राहिलं असतं. फरक मुख्यतः या काठावरच्या घरांत असतो, तीच नीट मोजा. सँडीसाठी हा हिशेब २०२१ साली प्रसिद्ध झाला: माणसामुळे वाढलेल्या समुद्राचा भाग दहा सेंटिमीटरच्या आसपास, आणि त्यामुळे जादा नुकसान अंदाजे ८.१ अब्ज डॉलर, जादा बाधित लोक सुमारे ७१ हजार.

वारा आणि पाऊस यांवर जपून लिहा. हवा एक अंश तापली की तिच्यात सुमारे ७ टक्के जास्त बाष्प मावतं, त्यामुळे पावसाबद्दलचा दुवा बळकट आहे. गेल्या चार दशकांत श्रेणी ३ ते ५ च्या वादळांचं प्रमाण बहुधा वाढलं आहे, असं आयपीसीसीचा, म्हणजे हवामानबदलावरच्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीचा, सहावा अहवाल सांगतो. वादळांची एकूण संख्या वाढल्याचा तसा पुरावा नाही. एखादं विशिष्ट वादळ किती तीव्र झालं असतं हे भरतीमापकावरून कळत नाही, त्याला संगणकीय प्रारूपांचा स्वतंत्र अभ्यास लागतो. दोन वादळांच्या नुकसानीचे डॉलर थेट शेजारी ठेवून तर काहीच सिद्ध होत नाही, कारण मधल्या वर्षांत किनाऱ्यावर घरंही वाढलेली असतात.

शेवटचा आकडा एकटा लिहू नका. सँडीच्या त्या ८.१ अब्जांचा पल्ला ४.७ ते १४ अब्ज असा दिला आहे. तुमच्या खुणांची, जोत्यांच्या उंचीची आणि समुद्रवाढीची अनिश्चितता धरून खालचं आणि वरचं टोक वेगवेगळं काढा, आणि मधला, खालचा, वरचा असे तिन्ही आकडे एकाच ओळीत ठेवा.