एअर पिस्तूल: मधूनच एक शॉट ८ मध्ये का जात होता

लक्षण असं. सात-आठ शॉट नीट टार्गेटच्या १० आणि ९ गुणांच्या वर्तुळांत, मग एक थेट ८ मध्ये. कधी डावीकडे, कधी वर. शॉट स्वच्छ सुटलाय हे हाताला कळत असूनही. पिस्तूल ४.५ मिमीचं, हवेच्या सिलिंडरवर चालणारं, सेकंडहँड. सराव ठाण्यात, १० मीटरवर.

साइट (नेम धरायची खूण) दोनदा फिरवली, ग्रिप घासली, ट्रिगर ओढायला लागणारं वजन ५०० ग्रॅमच्या खाली नाही ना ते तपासलं. तीन महिने मी माझ्याच मनगटाला दोष देत होते.

मग सरांनी विचारलं, "डबीवर हेड साइज किती लिहिलाय गं?" हेड साइज म्हणजे पेलेटच्या, शिशाच्या त्या छोट्या गोळीच्या, डोक्याचा व्यास मिलिमीटरमध्ये. डबीवर होता ४.५१. वजन ०.५३ ग्रॅम, म्हणजे रायफलला वापरतात ते जड पेलेट!

आधी पिस्तूल रिकामं असल्याची खात्री केली. फेल्टच्या बोळ्यांनी नळी मागून पुढे साफ केली, काळं यायचं थांबेपर्यंत. मग वीस पेलेट नुसतेच मारले, कारण नुकत्याच पुसलेल्या नळीतून पहिले शॉट भरकटतात. ही पायरी गाळू नका. नंतर पिस्तूल वाळूच्या पिशवीवर टेकवून ०.४९ ग्रॅमचे पेलेट घेतले: ४.४९, ४.५० आणि ४.५१, प्रत्येकी दहा, दर वेळी नवं टार्गेट.

४.५१ चे शॉट पसरले, ४.५० चे थोडे कमी. ४.४९ चे सगळे एकाच फाटक्या भोकात. १० चं वर्तुळ ११.५ मिमीचं असतं, त्याच्या आत.

तुमच्या नळीला दुसराच साइज लागू शकतो. आणि पेलेट डबीतून ओतू नका, एकेक उचला; शिसं मऊ असतं, मागची कड लगेच चेपते.