आधी पाय बघा! ग्रीक राक्षसिणी रेखाटताना या चुका टाळा

माझी आजी कोकणातली. ती सांगायची, "हडळ तोंडावरून ओळखता येत नाही गो. तोंड ती कुणाचंही घेते. पाय बघायचे." हडळीचे पाय उलटे असतात, हे महाराष्ट्रात शाळेत जायच्या आधीच सगळ्यांना ठाऊक असतं. पुढे मी पुस्तकांसाठी चित्रं काढायला लागले, ग्रीक पुराणकथांची कामं येऊ लागली, आणि लक्षात आलं की आजीचा नियम तिथेही बिनतोड लागू पडतो. सायरन, हार्पी, स्फिंक्स, सिला या सगळ्यांचा चेहरा बाईचा. कोण कोणती, ते कमरेखाली बघितल्यावरच कळतं.

रविवारी माझ्याकडे चित्रकला शिकायला येणारी मुलं मात्र तोंडापासून सुरू करतात. मोठे डोळे, उडणारे केस, ओठांवर गूढ हसू. यात तीन तास जातात. मग "मॅडम, खाली काय काढू?" असं विचारतात. खाली काय आहे हे माहीत नसेल तर वर कुणाचं तोंड काढलंस, बाई?

चूक पहिली: सायरनला जलपरी करणं

ही चूक मी स्वतः केली आहे, तीही दोन पानभर, रंगीत.

ओडिसी या होमरच्या ग्रीक महाकाव्यातल्या गोष्टींचं मुलांसाठीचं पुस्तक होतं. मुदत संपत आली होती. कामाच्या यादीत एवढंच लिहिलेलं: 'सायरन, तीन, खडकावर, सुंदर.' मी तीन जलपऱ्या काढल्या. एक केस विंचरतेय, एक शंख वाजवतेय, तिसरीची शेपटी पाण्यात. त्यातलं पाणी इतकं सुरेख जमलं होतं की आजही माझ्याकडून तसं होत नाही. पुस्तक छापून आलं. प्रकाशनाच्या दिवशी एक निवृत्त शिक्षिका माझ्यापाशी आल्या, पुस्तक उघडलं आणि डाव्या पानावरच्या एका ओळीवर बोट ठेवलं. 'पंख मिटून त्या खडकावर बसल्या होत्या.' मग तेच बोट उजव्या पानावर, माझ्या चकचकीत शेपट्यांवर आलं. "पंख कुठे गेले हो?"

मी मजकूर वाचलाच नव्हता. यादी वाचली होती.

त्यानंतर मी नीट अभ्यास केला. होमर सायरन दिसायला कशा होत्या ते सांगतच नाही. त्या दोन आहेत, हिरवळीवर बसतात, भोवती माणसांची हाडं पडली आहेत आणि त्यांचं गाणं ऐकणारा घरी परतत नाही, एवढंच तो सांगतो. त्यांना रूप दिलं ते कुंभारांनी आणि शिल्पकारांनी, आणि ते रूप पक्ष्याचं आहे: धड, पंख, पंजे पक्ष्याचे, मान आणि डोकं बाईचं. अगदी जुन्या काळात तर दाढीवाले सायरनही सापडतात. ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात अथेन्सच्या थडग्यांवर याच पक्षीबाया वाद्यं हातात घेऊन मेलेल्यासाठी शोक करताना दिसतात.

ब्रिटिश म्युझियममध्ये इटलीतल्या वुल्ची इथे सापडलेलं एक भांडं आहे, फुगीर पोटाचं, दोन कानांचं, साधारण इ.स.पू. ४८०-४७० मधलं. सायरन काढायच्या असतील तर त्याचा फोटो भिंतीवर लावा आणि आठवडाभर बघा. गलबताच्या नाळेवर डोळा रंगवलेला आहे. ओडिसीचा नायक ओडिसियस, गाणं ऐकायचं पण त्यामागे जायचं नाही म्हणून डोलकाठीला बांधलेला, मान मागे टाकून वर बघतोय. वल्हेकऱ्यांच्या कानांत मेण, त्यामुळे ते खाली मान घालून वल्ही मारताहेत. दोन्ही बाजूंना कड्यांवर एकेक सायरन बसली आहे. तिसरी गलबतावर डोकं खाली करून कोसळतेय, डोळे मिटलेले. गाणं ऐकूनही माणूस निसटला, म्हणून ती मरतेय. होमरमध्ये हे काही नाही. पण त्या मिटलेल्या डोळ्यासाठी कुंभाराने ब्रशच्या एक-दोन बारीक रेघाच खर्च केल्या आहेत, आणि आम्ही पापण्यांचे केस मोजत बसतो.

मग शेपटी कुठून आली? मध्ययुगातून. साधारण सातव्या-आठव्या शतकातल्या 'लिबर मॉन्स्ट्रोरम' या लॅटिन ग्रंथात सायरनला माशाची शेपटी आहे. पुढे हस्तलिखितांत काही चित्रकारांनी भांडण नको म्हणून पंख, पंजे आणि शेपटी असं सगळंच दिलं. दक्षिण इटलीत ओत्रांतोच्या चर्चमधल्या ११६३-६५ च्या मोझॅइकमध्ये दोन शेपट्या दोन हातांत धरलेली सायरन आहे. म्हणजे चर्चच्या खांबावर मासोळीबाई दिसली तर तिला सायरन म्हणणं बरोबरच आहे. इटालियन आणि फ्रेंचमध्ये आजही जलपरीला तोच शब्द आहे. ओडिसियसच्या गलबताशेजारी मात्र ती नको. आणि मराठीत भाषांतर करणाऱ्यांनो, सरसकट 'जलपरी' लिहू नका. अजिंठ्याच्या चित्रांतले अर्धे पक्षी, अर्धी माणसं असलेले किन्नर आठवा, निदान पिसं तरी येतील.

(पोलिसांच्या गाडीचा सायरन याच बायकांवरून. १८१९ मध्ये काग्न्यार द ला तूर या फ्रेंच माणसाने पाण्याखालीही वाजणारं एक यंत्र काढलं, आणि तिथून हे नाव यंत्राला चिकटलं.)

चूक दुसरी: पंख दिसले की हार्पी

इथे बिचाऱ्या मुलांना फार बोलता येत नाही, कारण मोठमोठे लोक फसलेत. आजच्या तुर्कस्तानात असलेल्या लिकियातल्या झँथॉस इथलं इ.स.पू. ४८०-४७० च्या सुमाराचं एक थडगं चार्ल्स फेलोज यांनी एकोणिसाव्या शतकात लंडनला आणलं. त्याच्या कोपऱ्यांवर पक्ष्याच्या अंगाच्या बाया छोट्या माणसांना कवेत घेऊन उडताहेत. 'उचलून नेतात म्हणजे हार्पी' असं मानून त्याचं नाव 'हार्पी टूम्ब' पडलं. आता बरेच अभ्यासक त्यांना मृतात्मे नेणाऱ्या सायरन मानतात. पाटी मात्र तीच राहिली.

जुन्या ग्रीक भांड्यांवर हार्पी म्हणजे पंख असलेली पूर्ण बाई, बाईचेच पाय, जोरात धावणारी. फिनियस राजाचं ताट पळवताना त्या तशाच दिसतात. पक्ष्याच्या अंगाची घाणेरडी हार्पी आपल्या डोक्यात बसली त्यात रोमन कवी व्हर्जिलचा हात मोठा. म्हणून हातात वाद्य आहे की पळवलेलं जेवण, ते बघा.

चूक तिसरी: मेड्युसा म्हणजे रागावलेली मॉडेल

मेड्युसाबद्दल, म्हणजे जिच्याकडे बघणारा दगड होतो तिच्याबद्दल, मी जरा जास्तच चिडते, तेव्हा सांभाळून घ्या. वर्गात आलेल्या दर दहा मेड्युसांपैकी नऊ एकाच घराण्यातल्या: टोकदार हनुवटी, काजळ, केसांच्या जागी नीट विंचरलेले साप. कुठून घेतलंस, विचारलं की उत्तर ठरलेलं, "पिंटरेस्ट." हल्ली "एआयने दिलं." एआयला तू कुठलं शतक सांगितलंस? गप्प.

जुनी गॉर्गन (मेड्युसा आणि तिच्या दोन बहिणींचं हे नाव) कुरूप आहे, आणि मुद्दाम कुरूप आहे. कॉर्फू बेटावरच्या आर्टेमिसच्या देवळाच्या माथ्यावर, इ.स.पू. ५८० च्या सुमाराची, माणसापेक्षा मोठी मेड्युसा कोरली आहे. एक गुडघा टेकल्यासारखी ती पळतेय. ग्रीकांची पळणं दाखवायची ती जुनी पद्धत. पाठीवर पंख, कमरेला दोन सापांचा पट्टा, सापांची तोंडं समोरासमोर. पाय नीट, माणसाचे. शेपटी बिपटी काही नाही. सिनेमा बघून खाली नागिणीचं शेपूट जोडणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचा. तिच्या शेजारी पेगॅसस आणि क्रिसाओर ही तिची मुलंही आहेत, जी खरं तर तिचं मुंडकं उडाल्यावर तिच्या मानेतून जन्मतात. मुंडकं जागेवर आणि मुलंही हजर! शिल्पकाराला गोष्ट क्रमाने सांगायची नव्हती, हिची ओळख पटवायची होती.

आता चेहरा. ग्रीक भांड्यांवर बहुतेक सगळे बाजूने दिसतात. गॉर्गन सरळ तुमच्याकडे बघते. तोंड कानापर्यंत फाकलेलं, सुळे, हनुवटीवर लोंबणारी जीभ, चपटं नाक, कपाळावर गोगलगायीसारख्या बटा, कधी कधी चक्क दाढी. हा चेहरा ढालीवर, छताच्या कौलांवर, नाण्यांवर, दारूच्या पेल्याच्या तळाशी आणि अथीनाच्या छातीवर असतो. आपल्याकडे नव्या बांधकामावर काळी बाहुली टांगतात ना, तेच त्याचं काम. काळी बाहुली सुंदर काढून बघा, मग कळेल मी का ओरडते.

ती पुढे सुंदर झाली, हेही खरं. ग्रीक कवी पिंडारने इ.स.पू. ४९० च्या गीतात तिला सुंदर गालांची म्हटलं आहे. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये पॉलिग्नोटॉस या भांडी रंगवणाऱ्याच्या नावावर असलेलं इ.स.पू. ४५०-४४० चं भांडं आहे. त्यावर तिचं मुंडकं उडवणारा पर्सियस विळा घेऊन वाकलाय आणि मेड्युसा शांत झोपली आहे, साधी तरुण मुलगी. म्युनिकमधल्या रोमन 'रोंदानिनी' मेड्युसाच्या डोक्यावर इवलेसे पंख आणि हनुवटीखाली सापांची गाठ. फॅशनवाल्या वर्साचीच्या चिन्हावरची बाई याच सुंदर शाखेतली. समुद्रदेव नेपच्यूनने देवळात तिच्यावर बलात्कार केला आणि शिक्षा तिलाच झाली, ही गोष्ट रोमन कवी ओव्हिडची, इ.स. ८ च्या सुमाराची. ग्रीक कवी हेसिअडकडे, त्याच्या सातशे वर्षं आधी, ती तीन गॉर्गन बहिणींतली मर्त्य बहीण आहे, शापबिप नाही. ओव्हिडची गोष्ट सांगायची तर खुशाल सांगा, पण कॉर्फूच्या शिल्पाखाली ती लिहू नका.

एका मुलाने मला पर्सियसचं मुंडकं हातात घेतलेल्या मेड्युसाचा फोटो "प्राचीन ग्रीक" म्हणून दाखवला होता. लुचियानो गारबातीचं शिल्प ते, २००८ चं. पंधरा मिनिटं शोधलं असतं तर सापडलं असतं. पण पंधरा मिनिटं कुणाकडे आहेत!

उरलेल्या, थोडक्यात

इस्तंबूलच्या जुन्या भूमिगत जलाशयात दोन खांबांखाली मेड्युसाची मुंडकी आहेत, एक उलटं, एक आडवं. नजर मारायला असं ठेवलं, ही गाइडची आवडती कथा. जुन्या इमारतींचे दगड उचलून आणलेत, उंची जुळवायला बसतील तसे बसवले, हे मला जास्त पटतं. ज्याने कधी गवंड्याबरोबर काम केलंय त्यालाही पटेल.

स्फिंक्स: स्फिंक्सचं कोडं सोडवणाऱ्या इडिपसच्या गोष्टीत इजिप्तमधल्या गिझाचा स्फिंक्स काढू नका. ग्रीक स्फिंक्स बाई आहे, पंख आहेत, पंजे सिंहाचे. डेल्फीला नॅक्सॉसवाल्यांनी उंच खांबावर बसवलेली बघा, इ.स.पू. ५६० च्या आसपासची. इजिप्शियन बहुधा पुरुष, डोक्यावर राजाचं वस्त्र, पंख नाहीत. सजावटीच्या कलेत गोंधळ वाढतो. अठराव्या शतकातल्या फ्रेंच बागांत स्फिंक्सना दरबारी बायकांची केशरचना आहे, आणि नेपोलियनच्या १७९८ च्या इजिप्त मोहिमेनंतर खुर्च्या-टेबलांवर इजिप्शियन डोकी आली. फर्निचर काढताना आधी साल विचारा.

सिला: होमरकडे बारा पाय, सहा माना. कलेत बाई, माशाची शेपटी, कमरेतून भुंकणारे कुत्रे. कुत्रे विसरलात तर जलपरी झाली.

कायमेरा (सिंह, बकरी आणि साप यांचं मिश्रण): आयाळ असली तरी ती आहे, तो नाही. आणि इटलीतल्या अरेत्सोच्या प्रसिद्ध ब्राँझ मूर्तीची सापाची शेपटी १७८५ ची दुरुस्ती आहे, तेव्हा तिच्यावरून एत्रुस्कन (इटलीतल्या त्या जुन्या लोकांच्या) शेपट्यांचा अभ्यास करू नका.

शेवटची चूक म्हणजे प्रत्येकीला नाव शोधणं. १४८० च्या सुमारास रोममध्ये सम्राट नीरोच्या महालाच्या गाडलेल्या खोल्या सापडल्या. चित्रकार दोरीने खाली उतरून मशालीच्या उजेडात छतं बघायचे. तिथूनच 'ग्रोटेस्क' हा प्रकार रफाएलच्या व्हॅटिकनमधल्या कामात आला, मग चिनीमातीच्या ताटांवर, पडद्यांवर, कपाटांवर. त्यात कमरेखाली वेलबुट्टी झालेल्या बाया असतात. त्यांना गोष्ट नाही, नाव नाही, जागा भरणं हेच काम. अशी चित्रं रंगवतात म्हणून वास्तुकलेवर लिहिणारा विट्रुवियस रोमन काळातच वैतागला होता. तुम्ही तिला हार्पी म्हणून आणखी वैताग देऊ नका.

माझी सवय आता अशी: कामाच्या कागदावर वर तीन गोष्टी लिहायच्या. कुणाची गोष्ट, कुठलं शतक, पाय कसले. मग पाय काढायचे, मग धड. डोकं दुसऱ्या दिवशी. मुलं याला कंटाळतात. कंटाळू देत.

त्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघाली तेव्हा मी ती दोन पानं फुकट परत काढून दिली. त्या भांड्याकडे बघून: दोन कड्यांवर दोन, तिसरी कोसळणारी. पाणी पहिल्यासारखं जमलं नाही. पुस्तक माझ्या सात वर्षांच्या भाचीला दिलं. तिने पान बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "मावशी, हिला पंख आहेत ना? मग ही पडते कशाला?"