पहिल्या मॅरेथॉननंतरच्या तीन आठवड्यांची तयारी

पहिली मॅरेथॉन धावणारे बहुतेक जण सरावाचे चार-सहा महिन्यांचे वेळापत्रक आखतात आणि त्यातला शेवटचा चौकोन शर्यतीच्या दिवसाचा असतो. त्या चौकोनाखाली आणखी तीन आठवडे आखावेत आणि तेही शर्यतीच्या आधीच भरून ठेवावेत, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. 42.195 किलोमीटर धावून आल्यावर काय प्यावे, कुठे बसावे, कोणाला फोन करावा हे साधे निर्णयही जड जातात. म्हणून जे ठरवायचे ते डोके ताजे असतानाच ठरवून मोकळे व्हावे.

शर्यतीच्या आठवडाभर आधी तीन गोष्टी पक्क्या कराव्यात. दुसऱ्या दिवशीची रजा घ्यावी, आणि काम उभ्याने करायचे असेल तर त्यापुढच्या दिवसाचीही घ्यावी. अंतिम रेषेनंतर भेटायला एक जवळचे माणूस ठरवावे आणि भेटीची जागा नेमकी सांगून ठेवावी, कारण गर्दीत फोन लागेलच असे नाही. परतताना गाडी स्वतः चालवायची नाही, हेही आत्ताच ठरवावे. ब्रेक दाबताना पोटरीत पेटका येणे ही धोक्याची गोष्ट आहे. पायांची नखे तीन-चार दिवस आधी सरळ कापून घ्यावीत. शर्यतीच्या सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, शक्यतो कमीत कमी कपड्यांत, वजन करून ते लिहून ठेवावे. या आकड्याचा उपयोग पुढे सांगितला आहे.

शर्यतीनंतर लागणारी पिशवी वेगळी भरावी. धावणे थांबताच शरीरात तयार होणारी उष्णता झपाट्याने कमी होते, पण घामाने भिजलेले कपडे अंगावर तसेच राहतात, त्यामुळे उबदार हवेतही हुडहुडी भरू शकते. म्हणून पिशवीत सर्वांत वर कोरडा शर्ट आणि जाकीट असावे, त्याखाली टॉवेल, सैल पँट आणि बोटे मोकळी राहतील अशा रुंद चपला. सुजलेली पावले पुन्हा बुटांत कोंबण्याची वेळ येऊ नये. त्यासोबत सरावात पोटाला मानवलेले खाणे, क्षारांची पाकिटे, फोन आणि थोडे पैसे ठेवावेत. नेहमीची औषधे चालू असतील, तर त्यांची नावे एका कागदावर लिहून तो कागद पिशवीत न ठेवता नंबरपट्टीच्या मागच्या बाजूला ठेवावा, कारण आपण शुद्धीवर नसताना तो इतरांना सापडायला हवा.

अंतिम रेषेनंतरचा पहिला अर्धा तास सर्वांत महत्त्वाचा आहे. धावताना पायांचे स्नायू प्रत्येक पावलागणिक रक्त हृदयाकडे ढकलत असतात. एकदम थांबले की हा पंप बंद पडतो, रक्त पायांत साचते, रक्तदाब उतरतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. माझ्या पहिल्या शर्यतीत मी पदक गळ्यात पडताच रस्त्याच्या कडेला बसलो आणि दोन मिनिटांनी उठायला गेलो तेव्हा तोल जाऊन पुन्हा खाली आलो. तेव्हापासून मी प्रत्येक नव्या धावपटूला सांगतो की रेषा ओलांडल्यावर दहा-पंधरा मिनिटे सावकाश चालत राहणे हा शर्यतीचाच भाग समजावा. तरीही चक्कर आलीच, तर आडवे होऊन पाय उंच करावेत. अशी साधी भोवळ सहसा थोड्या वेळात उतरते. मात्र माणूस असंबद्ध बोलू लागला, अंग तापलेले असले, सतत उलट्या होऊ लागल्या किंवा आडवे होऊनही बरे वाटेना, तर त्याला तत्काळ वैद्यकीय मदत कक्षात न्यावे. उष्माघात किंवा रक्तातील सोडियमची घट यांची सुरुवात अशीच दिसते आणि दोन्हींत उशीर जिवावर बेतू शकतो. ही लक्षणे भेटायला येणाऱ्या माणसाला आधीच सांगून ठेवावीत, कारण ज्याला ती होतात त्याच्या स्वतःच्या ती लक्षात येत नाहीत.

पाण्याबाबत जुना सल्ला ‘जितके जाईल तितके प्या’ असा होता आणि तो घातक आहे. कित्येक तास धावणाऱ्या शरीरात पाणी धरून ठेवणारे संप्रेरक वाढलेले असते. अशा वेळी तहानेपेक्षा खूप जास्त पाणी प्यायल्यास रक्तातील सोडियम पातळ होते, मेंदूला सूज येते आणि माणूस बेशुद्ध पडू शकतो. पाच-सहा तास रस्त्यावर राहणाऱ्या नवख्यांना हा धोका अधिक असतो, कारण त्यांना पिण्यासाठी वेळही अधिक मिळतो. घरी आल्यावर वजन करून सकाळच्या आकड्याशी ताडून पाहावे. वजन एक-दीड किलो उतरलेले असणे स्वाभाविक आहे, शिवाय त्यातला काही भाग जळून गेलेल्या इंधनाचा असतो. खारट खाण्यासोबत, तहान लागेल तसे, पुढच्या काही तासांत हळूहळू प्यावे आणि लघवी पुन्हा फिकट पिवळी होऊ लागली की पुरे झाले असे समजावे. वजन वाढलेले असेल, तर लघवी मोकळी होईपर्यंत साधे पाणी थांबवावे, आणि डोके दुखत असेल किंवा मळमळत असेल तर डॉक्टरांना गाठावे.

वेदनाशामक गोळ्यांविषयीही आधीच निर्णय घ्यावा. आयबुप्रोफेन आणि त्या वर्गातील गोळ्या मूत्रपिंडाकडे जाणारा रक्तप्रवाह कमी करतात, आणि मॅरेथॉननंतर पाणी कमी झालेल्या शरीरात मूत्रपिंडावर आधीच ताण असतो. शर्यतीच्या दिवशी या गोळ्या पिशवीत ठेवूच नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

खाण्याबाबत फार काटेकोर होण्याची गरज नाही. स्नायूंतील ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेले साखररूपी इंधन, लवकर भरून काढण्यासाठी पहिले चार तास दर तासाला शरीराच्या प्रत्येक किलो वजनामागे एक ग्रॅमच्या आसपास कर्बोदके घेण्याचा नियम सांगितला जातो. पण तो लगेच पुन्हा स्पर्धेत उतरणाऱ्यांच्या सोयीचा आहे. आपल्याला पोट साथ देईल तेव्हा कर्बोदके आणि वीस-पंचवीस ग्रॅम प्रथिने मिळतील असे साधे जेवण पुरते, फक्त ते घरी तयार असावे.

त्या रात्री गाढ झोप लागेलच असे नाही. पाय ठणकतात, हृदयाची गती नेहमीपेक्षा जास्त राहते आणि मन शर्यत पुन्हा पुन्हा धावत असते. यात काळजीचे काही नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या रात्रीची झोप मात्र राखून ठेवावी. आंघोळीआधी काखा, मांड्या आणि कंबर पाहावी, कारण घासून सोललेल्या त्वचेचा पत्ता पाणी पडेपर्यंत लागत नाही. लहान फोड फोडू नयेत. नख काळे पडले असले तरी दुखत नसेल तर त्याला हात लावू नये. ते सुटून पडेल आणि खालून नवे येईल.

वेदना सहसा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिगेला पोहोचते आणि जिना चढण्यापेक्षा उतरताना जास्त छळते. पाऊल टेकताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच शरीराचा भार पेलत असतो; या कामाने त्याचे तंतू हजारो पावलांत फाटलेले असतात आणि जिना उतरताना त्याला पुन्हा तेच काम करावे लागते. या दिवसांत रोज वीस-तीस मिनिटे सपाट जागी चालावे. जोरकस मालिश आणि ओढून-ताणून केलेले व्यायाम पहिले दोन-तीन दिवस टाळावेत. थंड पाण्याने बरे वाटत असेल तर जरूर वापरावे. त्याने दुखणे कमी जाणवते, स्नायू लवकर भरून येतात असे मात्र समजू नये.

खरी कसोटी पाचव्या-सहाव्या दिवशी येते. तोवर ठणका थांबलेला असतो, इंधन भरलेले असते आणि पाय धावायला मागतात. पण स्नायूंची आतली डागडुजी अजून चालू असते आणि हाडे व स्नायुबंध त्याहून सावकाश सावरतात. म्हणून वेळापत्रकाच्या पहिल्या आठवड्यात धावणे लिहूच नये. दुसऱ्या आठवड्यात दोन-तीन वेळा वीस-तीस मिनिटे, गप्पा मारता येतील इतक्या वेगाने धावावे, आणि तिसऱ्या आठवड्यात अंतर थोडे वाढवावे, वेग नाही. पुढच्या शर्यतीची नोंदणी या तीन आठवड्यांत करू नये. याच काळात मन उगाच खिन्न होते, कारण महिनोन्महिने दिवसाला आकार देणारे उद्दिष्ट एकाएकी नाहीसे झालेले असते. मोकळ्या झालेल्या सकाळी कोणाला भेटायचे, काय करायचे, हेही त्या चौकोनांत आधीच लिहावे.

वेळापत्रकाच्या तळाशी डॉक्टरांचा क्रमांक आणि पुढील लक्षणे ठळक लिहावीत: लघवी चहासारखी गडद होणे किंवा बंद होणे, छातीत दुखणे वा धाप लागणे, एकाच पोटरीला सूज येऊन ती गरम व दुखरी होणे, विशेषतः लांबच्या प्रवासानंतर, आणि हाडावर बोट ठेवून दाखवता येईल अशा एकाच जागी दुखणे, जे एका पायावर उडी मारताना किंवा रात्री पडल्या-पडल्याही जाणवते. पहिल्या तिन्हींसाठी त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे, आणि शेवटचे लक्षण असेल तर तपासणी होईपर्यंत बूट बाहेर काढू नयेत.